आधी सेल काढ

चि. धाकट्यास,


दादाचा ३८६ कॉम्प्युटर तू माळ्यावरून खाली काढलास आणि रविवारी चालू करून बघणार आहेस, हे फोनवर ऐकलं तेव्हापासून चैन नाही. चालू करू नकोस. आधी झाकण उघड आणि आतला सेल काढ.

कीबोर्डची वायर लागते त्याच्या आसपास, मदरबोर्डवरच डागलेला, निळ्या वेष्टनाचा पिंपासारखा सेल दिसेल. ३.६ व्होल्टचा, आत निकेल-कॅडमियमची तीन घरं. मशीन रोज चालायचं तेव्हा तो आपसूक चार्ज व्हायचा. पडून राहिला की उतरतो, मग गळतो. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डभर पसरून तांब्याच्या रेघा खातं. माझा ३८६ असाच गेला. बारा वर्षांनी उघडला तर सेलभोवती मोरचुदाच्या रंगाची खरपुडी, आणि कीबोर्डच्या चिपला बोट लावलं तर तिचे दोन पाय हातात आले. वापरून तो कधी बिघडला नव्हता, जपून ठेवल्यानेच गेला.

आधी फोटो काढ, अधिक-उणेच्या खुणा टिपून ठेव. सेलचे पाय कटरने काप. हिरवं दिसेल तिथे जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लाव, म्हणजे तो क्षार मरेल. मग डिस्टिल्ड पाण्याने पुसून दोन दिवस वाळव. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही.

नवा सेल बोर्डावर नको, लांब वायरीवर असू दे. सीआर२०३२ हा बटण सेल चालेल, पण तो चार्ज होणारा नाही आणि बोर्ड त्याला चार्ज करू पाहील. फुगेल, फुटेलही. म्हणून अधिकच्या वायरीत एक डायोड घालायचाच, पट्ट्याचं टोक बोर्डाकडे.

चालू केल्यावर तारीख १ जानेवारी १९८० दिसली तर घाबरू नकोस, डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. खरा धोका हार्डडिस्कचा. तिची मापं याच सेलच्या जोरावर लक्षात राहायची, ती आता पुसली गेली असणार. सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे डिस्कवरच्या लेबलावरून सेटअपमध्ये भर. आकडे चुकले तर डिस्क रिकामी वाटेल. तशा वेळी काहीही सेव्ह करू नकोस, फॉरमॅट तर नाहीच नाही.

वाचनालयाचे अहवाल, आईच्या ओव्यांचा संग्रह, सगळं दादाने त्याच डिस्कवर टाइप केलंय, पुण्याच्या सीडॅकच्या जिस्ट कार्डावर. ते कार्ड स्लॉटमध्ये असेल, त्याला हात लावू नकोस. त्याच्याशिवाय डॉसच्या पडद्यावर ती मराठी दिसणार नाही.

डिस्क वाचली गेली की पहिल्यांदा फायली उतरवून घे. घड्याळ मागाहून लाव.

तुझा,
काका