दर रविवारी पिलाताचं नाव

एका रोमन सुभेदाराचं नाव जगभरातल्या चर्चमधून दर रविवारी घेतलं जातं. पंतय पिलात. ज्याने येशूला क्रुसावर खिळण्याचा हुकूम दिला तो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात येशूखेरीज फक्त दोनच माणसांची नावं आहेत, एक त्याची आई मरीया आणि दुसरा हा पिलात. पेत्र नाही, पौल नाही, योहान नाही. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. एवढ्या पवित्र पाठात या माणसाला जागा कशाला?

पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागले तेव्हा उलगडा झाला. आपल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशा सुरू होतात. नगर कुठलं, राजा कोण, कुणी विचारत नाही. पिलाताचं नाव आलं की ती सोय संपते. कुठला प्रांत, कुणाची कारकीर्द, सगळं पक्कं होतं. १९६१ साली कैसरिया इथे उत्खननात त्याचं नाव कोरलेली शिळाही सापडली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीत सध्या चाललेली चर्चा. विश्वासांगीकार दर रविवारी न म्हणता फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी म्हणावा, बाकी वेळ गीतांना द्यावा, असं तरुणांचं म्हणणं आहे. एकाने 'पोपटपंची' हा शब्द वापरला. काही वडीलधाऱ्यांना तो झोंबला. मला तितकासा नाही झोंबला, कारण मुलांच्या म्हणण्यात दम आहे.

तुम्हीच पाहा. या पाठात येशूचा जन्म होतो आणि पुढच्याच पावलाला तो पिलातापुढे उभा असतो. मधलं सगळं आयुष्य कुठे गेलं? डोंगरावरचं प्रवचन नाही, उधळ्या पुत्राची गोष्ट नाही, कुष्ठरोग्याला लावलेला हात नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञासुद्धा नाही! एखाद्या विद्यार्थ्याने येशूचं चरित्र असं लिहून आणलं असतं तर 'मुख्य भाग राहिला' असा शेरा मी वहीत मारला असता.

पण ते चरित्र नव्हेच. रोममध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न विचारत. त्या प्रश्नोत्तरांतून हा पाठ वाढत गेला. बारा प्रेषितांनी एकेक वाक्य घातलं, ही आम्हाला सांगितलेली गोष्ट म्हणजे दंतकथा. आजचं रूप आठव्या शतकाच्या सुमाराचं. नायसियाच्या विश्वासांगीकाराची जन्मकथा निराळी, ती भांडणातून आलेली. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेलाच, असं अरियस म्हणत होता. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या सभेने ते नाकारलं. ते नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. त्या सभेला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. आपण म्हणतो तो विस्तारलेला पाठ मात्र ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडला जातो.

आणि एक गंमत. खुद्द रोमच्या मिस्सामध्ये हा पाठ आला तो १०१४ साली, सम्राट दुसऱ्या हेन्रीच्या आग्रहामुळे. तोवर रोमचं त्यावाचून अडलं नव्हतं. तेव्हा 'हे पहिल्यापासून असंच आहे' एवढं सांगून तरुणांना गप्प करता येणार नाही.

आमच्या नगरकडे तर अमेरिकन मराठी मिशनची परंपरा. ती माणसं काँग्रिगेशनल पंथाची, ठरीव पाठाने कुणाला बांधून घालावं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझं माहेर त्या वळणाचं आणि सासर अँग्लिकन, प्रार्थनापुस्तकावर बोट ठेवून चालणारं. घरातलं हे ऐक्य माझ्या लग्नात झालं, चर्चचं त्याआधी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला झालं. सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्याला, यावर त्यांचं एकमत नव्हतं, म्हणून दोन्ही पद्धती ठेवल्या. हे दोन जुने विश्वासांगीकार मात्र सर्वांनी मान्य केले. ही काही लहान गोष्ट नाही.

मला तो दर रविवारी हवा आहे, त्याचं कारण मात्र इतिहासात नाही. माझे यजमान गेले त्यानंतर मला देहाच्या पुनरुत्थानाचं वाक्य म्हणता येईना. आवाजच फुटायचा नाही. जवळजवळ वर्षभर मी त्या जागी गप्प उभी राहायचे, आणि मागच्या बाकावरचे आजोबा ते वाक्य खणखणीत म्हणायचे. मला वाटायचं, म्हणू देत, आज माझ्या वाटचंही त्यांनीच म्हणावं. नव्या गीतांत मला ही सोय सापडत नाही. त्यांतली पुष्कळशी 'मला कसं वाटतं' याबद्दल असतात, आणि त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं. (ना. वा. टिळकांच्या गीतांची गोष्ट वेगळी, त्यांत सांगण्यासारखं पुष्कळ आहे.) विश्वासांगीकार तुमच्या मनाची अवस्था विचारत नाही. नायसियाच्या मूळ ग्रीक पाठाची सुरुवात 'आम्ही' अशी आहे, 'मी' अशी नाही, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

अर्थात न समजता म्हणायला लावणं मला पटत नाही. दृढीकरणाच्या वर्गात पाठ करून घेतात आणि अर्थ राहून जातो. 'पोपटपंची' इथूनच येते. वर्षातून चार-पाच प्रवचनं तरी या पाठावर व्हावीत, एकेका वाक्यावर.

आमच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी बसते. ती कुमारीपासूनच्या जन्माच्या वाक्याला थांबते, हे माझ्या लक्षात आलं होतं. एकदा उपासनेनंतर तिनेच विचारलं, "बाई, पटत नसेल तर म्हणावं का?" मी तिला पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद मांडला. अथनेशियसचा विश्वासांगीकार मानायला त्यांनी साफ नकार दिला, त्रैक्यावर प्रश्नांमागून प्रश्न विचारले. म्हणून त्यांनी ख्रिस्ताला सोडलं नाही, आणि गप्पही बसल्या नाहीत. मुलगी म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. अ. भि. शहांनी १९७७ मध्ये संपादित केलेला तो इंग्रजी पत्रसंग्रह माझ्याकडे होता, तो तिला दिला आहे. वाचून झाल्यावर ती घरी येणार आहे. बरेच प्रश्न काढून ठेवलेत म्हणाली.