कृष्णकमळाचे फळ

न्हावा आणि शेवा ही एके काळी खाडीकाठची दोन साधी गावे. भोवती भाताची खाचरे, मिठागरे आणि भरतीच्या पाण्यात उभी असलेली तिवरांची दाटी. समोर पाण्यापलीकडे घारापुरीची टेकडी. १९८९ साली येथे मोठे बंदर सुरू झाले आणि ह्या दोन गावांची जोडनावे जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर उमटू लागली. आता तेथील रस्त्यांवरून अवजड वाहने अहोरात्र धावतात. तरीही त्या परिसरातील एखाद्या घराच्या कुंपणावर कृष्णकमळ उमललेले दिसले, की जाणाऱ्याचे पाऊल क्षणभर थबकतेच.

ते फूल आहेच तसे. बाहेर पाकळ्यांचे वर्तुळ. त्यावर बारीक, रंगीत तंतूंचे दाट कडे. मध्यभागी एक छोटासा दांडा. दांड्यावर पाच परागकोश आडवे लोंबत असतात, त्यांच्या वर एक हिरवी गोटी आणि गोटीच्याही वर तीन फाटे. आपल्याकडच्या कल्पक मनाने ह्या फुलात सारे महाभारत पाहिले. भोवतीचे तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच परागकोश म्हणजे पांडव, तीन फाटे म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश आणि मधला तो श्रीकृष्ण. तंतू खरोखर मोजू लागले, तर ते नेमके शंभर क्वचितच भरतात. पण कथा सांगणाऱ्या आजीला कोणी मोजणी करून अडवू नये!

नवल असे, की ज्या फुलाला आपण श्रीकृष्णाचे नाव दिले, ते मूळचे आपले नव्हे. ह्या कुळाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेकींचे माहेर अमेरिका खंडात आहे. तेथे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना ह्याच फुलात येशू ख्रिस्ताच्या यातना दिसल्या. तंतूंचे कडे त्यांना काट्यांचा मुकुट वाटले, पाच परागकोश पाच जखमा वाटल्या आणि तीन फाटे क्रुसावरचे तीन खिळे. १७५३ साली लिनियस ह्या शास्त्रज्ञाने ह्या कुळाला ‘पॅसिफ्लोरा’ म्हणजे यातनांचे फूल हे नाव दिले. जपानी लोकांनी मात्र धर्मकथेचा विचार बाजूला ठेवला. त्यांना त्या तबकडीत आणि तीन काट्यांत घड्याळ दिसले आणि ते ह्याला घड्याळाचे फूल म्हणू लागले.

ह्या वेलीला फळही येते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. बाजारात ‘पॅशन फ्रूट’ म्हणून विकले जाणारे आंबटगोड, सुवासिक फळ ह्याच कुळातील एका वेलीचे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील ह्या वेलीच्या फळाला मराठीत कोणी कृष्णफळ असेही म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत, एक जांभळ्या फळाचा आणि दुसरा पिवळ्या फळाचा. उष्ण, सखल किनाऱ्यावर पिवळा प्रकार अधिक मानवतो. जांभळ्याला डोंगरावरची थंड हवा आवडते.

पिवळ्या फळाची वेल हौसेने लावणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा निराशा येते. वेल मांडवभर पसरते, शेकडो फुले उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळून जातात; फळ एकही धरत नाही. मग कोणी खताला दोष देतो, कोणी पाण्याला, तर कोणी दृष्ट लागली असे म्हणून मोकळा होतो. खरे कारण त्या फुलाच्या स्वभावात दडलेले असते.

पहिली गोष्ट अशी, की ह्या वेलीला आपलेच पराग चालत नाहीत. दुसऱ्या वेलीच्या फुलातील पराग आले, तरच तिची फलधारणा होते. एका वेलीच्या फांद्या खोचून दहा वेली केल्या, तरी स्वभावाने ती एकच वेल! म्हणूनच फळ हवे असणाऱ्याने निदान दोन निरनिराळ्या, बियांपासून वाढलेल्या वेली शेजारी शेजारी लावाव्यात.

दुसरी गोष्ट वाहनाची. परागकण जड आणि चिकट असल्यामुळे वारा त्यांना नेऊ शकत नाही. मधमाशी येते, पण ती अंगाने लहान. पराग उचलून नेते आणि वरच्या कुक्षींना बहुधा तिचा स्पर्शही होत नाही. हे काम खरे साधते ते मोठ्या काळ्या भुंग्याला. पिवळ्या फळाच्या वेलीचे फूल भर दुपारी उमलते. तेव्हा ते तीन फाटे, म्हणजेच फुलाच्या कुक्षी, वर ताठ असतात. मग हळूहळू त्या खाली वाकून परागकोशांच्या पातळीवर येतात. भुंगा तळातील मध पिण्यासाठी तंतूंच्या कड्यावर गोल फिरू लागला, की त्याची पाठ वरच्या परागकोशांना घासते. पुढच्या फुलात तीच पाठ वाकलेल्या कुक्षींना लागते. इतका नेटका मेळ माणसाने बसवलेल्या यंत्रांतही थोडाच आढळतो.

हा भुंगा वाळलेले लाकूड कोरून किंवा पोकळ बांबूत घर करतो. जुन्या घरांच्या वाशांत, कुडांत आणि कुंपणाच्या बांबूंत त्याची बिऱ्हाडे असत. लोखंड आणि सिमेंट ह्यांना त्याचा जबडा काय करणार? जेथे वाळके लाकूड उरले नाही, तेथे भुंगा नाही. आणि जेथे भुंगा नाही, तेथे कृष्णफळही दुर्मीळ. तेव्हा मांडवाचे खांब लाकडाचे ठेवावेत आणि भुंग्याने एखादे भोक पाडले, तर ते बुजवू नये.

भुंगा नसेलच, तर माणसाने त्याचे काम करावे. दुपारी एका वेलीच्या फुलातील पराग बोटावर घेऊन दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या तिन्ही कुक्षींना हलकेच लावावेत. ह्यात कंजूषपणा करू नये. जितके परागकण पोचतात तितक्या बिया धरतात आणि प्रत्येक बीभोवती रसाची एक पिशवी असते. म्हणजे पराग कमी तर रसही कमी. पाऊस पडत असताना हा खटाटोप व्यर्थ ठरतो, कारण पाण्याचा थेंब लागताच परागकण फुटतात. कोकणातल्या श्रावणसरींत फुले वाया जातात त्याचे हेही एक कारण.

लागवड अवघड नाही. ताज्या बिया डब्यात पेरल्या, तर साधारण दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. जुन्या, सुकलेल्या बियांना मात्र कित्येक महिने लागतात. ह्या वेलीची मुळे फार खोल जात नाहीत आणि तुंबलेल्या पाण्यात ती कुजतात. खाडीकाठच्या खारट जमिनीत तर तिचा निभाव लागणे कठीणच. म्हणून तेथे गोड्या मातीचा व शेणखताचा उंच वरंबा करून त्यावर रोप लावावे. वर दुधी-घोसाळ्याला घालतात तसा मांडव घातला, की पुढचे काम वेलीचे ताणे करतात. ताणा आधाराला लागला, की त्याला विळखा घालतो आणि मग स्प्रिंगेसारखा आखडून वेलीला वर ओढून घेतो.

फूल फळल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फळ पिकते. ते तोडायचे नसते. पिकले, की ते आपण होऊन खाली पडते. रोज सकाळी मांडवाखालून वेचून आणायचे. साल सुरकुतली, म्हणजे फळ बिघडले असे समजून नवखा माणूस ते टाकून देतो. जाणकार नेमके तेच उचलतो, कारण सुरकुतलेले फळ अधिक गोड लागते. चिरल्यावर आत केशरी रसाच्या पिशव्या आणि प्रत्येकीत एक काळी बी. बियाणे हवे असेल, तर गर दोन-तीन दिवस तसाच आंबू द्यावा, मग चाळणीत चोळून धुवावा आणि सुटलेल्या बिया सावलीत वाळवून लवकरच पेराव्यात.

आता राहिला प्रश्न सुरवंटांचा. टॉनी कोस्टर नावाचे, काळ्या ठिपक्यांचे नारिंगी फुलपाखरू ह्या वेलीच्या पानांमागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालते. त्यांतून निघालेले काटेरी सुरवंट पाहता पाहता पानांची चाळण करतात. फुलपाखरू अगदी संथपणे उडते, तरी पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पकडलेच, तर ते अंगातून बेचव पिवळा रस सोडते. कोणी औषध फवारून सुरवंट मारतात, पण ते औषध भुंग्यालाही भोवते, आणि भुंगा गेला की फळही गेले. हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

त्यावर एक सोपी तोड आहे. कोकणात रस्त्याकडेला आणि पडीक जागी ह्याच कुळातील एक रानवेल आपोआप वाढते. तिची पाने चुरगळली, की उग्र वास येतो. तिचे छोटे फळ हिरव्या, चिकट जाळीत गुंडाळलेले असते. कच्चे असताना ते विषारी असते, म्हणून मुलांनी ते तोंडात घालू नये. सुरवंटांना मात्र ही वेल मानवते. मांडवावरची सुरवंटांनी भरलेली पाने अलगद खुडून तिच्यावर नेऊन ठेवली, की ते तेथेच चरतात आणि तेथेच कोश विणल्याविना लटकून पालटतात. काही दिवसांनी कोशातून नवे फुलपाखरू बाहेर येते, पंख वाळेपर्यंत स्वस्थ बसते आणि मग सावकाश उडत पुन्हा मांडवाकडेच वळते.