बाहेरचा परीक्षक

विमा म्हणजे शब्दावर चालणारा धंदा. पैसे आपण आज भरतो आणि मोबदला मिळतो तो वाईट दिवस उजाडल्यावर. तोवर कंपनीची तिजोरी भरलेली आहे की रिकामी, हे तुम्हाआम्हाला कसं कळावं? आपल्या वतीने कुणीतरी ते तपासावं लागतं.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांनी यासाठी जे केलं, ते वाचून मला नवल वाटलं. १० जुलै १९९२ रोजी कॅमेरूनची राजधानी याउंदे इथे त्यांनी एक करार केला. १९९५ पासून तो लागू झाला. सेनेगल, माली, आयव्हरी कोस्ट, गॅबन असे १४ देश आज या 'सिमा' संघटनेत आहेत. सगळ्यांचा विमा कायदा एकच आणि कंपन्या तपासणारा आयोगही एकच. मुख्य कचेरी गॅबनमध्ये, लिब्रव्हिलला. परवाना त्या त्या देशाचा मंत्री देतो, पण आयोगाने होकार दिल्यावरच. तो काढून घेण्याचा अधिकार मात्र आयोगाचा.

सार्वभौम देशांनी एवढा अधिकार दुसऱ्याच्या हाती का द्यावा? मला आपली बोर्डाची परीक्षा आठवली. मुलांचे पेपर त्यांच्याच शाळेत तपासत नाहीत, बाहेर पाठवतात. आमच्या शिक्षकांवर अविश्वास म्हणून नव्हे. ओळखीच्या माणसाला 'नापास' म्हणणं जड जातं म्हणून. माझ्या एका सहकारी बाईंची आयुष्यभराची पुंजी गावच्या पतसंस्थेत बुडाली. तिथे तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच पंगतीला बसणारे होते.

अर्थात बाहेरचा परीक्षक कडकही असतो. पूर्वी तिकडे विमा सर्रास उधारीवर मिळे. हप्ते थकत, मग भरपाईला पैसा कुठून येणार? २०११ मध्ये नियम आला: हप्ता नाही, तर विमा नाही. २०१६ मध्ये ठरलं की विमा कंपनीचं किमान भांडवल १०० कोटी सीएफए फ्रँकवरून टप्प्याटप्प्याने ५०० कोटींवर न्यायचं. छोट्या कंपन्यांना हे जड जाणारच. त्यांची बाजूही समजते.

पण कर्ता माणूस गेल्यावर कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईचा विचार केला, की वाटतं, परीक्षक कडकच बरा. तिला पुरवणी परीक्षा नसते.

तुमचं काय मत? जरूर कळवा.