फिरता गडी

इंग्रजीत 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. त्याचे मूळ फ्रेंच असून त्याचा संबंध दिवसाच्या कामाशी आहे. ज्याची उमेदवारी पुरी झाली आहे, हातात कसब आहे, परंतु ज्याला स्वतःचे दुकान थाटता आलेले नाही, अशा रोजंदारीच्या कारागिराला हा शब्द लावीत. पुढे तो खेळाच्या मैदानावर आला आणि आज या क्लबातून त्या क्लबात जाणाऱ्या फुटबॉलपटूस चिकटला. स्टीव्ह क्लॅरिज हा त्यांतला नामांकित. आघाडीचा हा खेळाडू कितीतरी क्लबांकडून हजारांहून अधिक सामने खेळला आणि 1996 साली वेम्ब्लीवर लेस्टरसाठी अगदी अखेरच्या क्षणी गोल करून क्षणभर राजा झाला.

आमच्या भाच्याने परवा असा प्रश्न टाकला की, मराठी माणसांत असा फिरता गडी कोणी झाला काय? हा भाचा पुण्यास असतो आणि खेळाडूंचे लिलाव मोठ्या भक्तिभावाने पाहतो. आम्ही चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे यांचे नाव घेतले. भाच्याने खिशातील यंत्रावर बोट फिरविले आणि हसून म्हणाला, "मामा, नऊ कसोटी सामन्यांत तीन बळी! एकेका बळीमागे एकशे चोवीस धावा! हा का तुमचा मोठा खेळाडू?"

आकडा खरा होता, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. आमचे निम्मे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले. कोठे तीन वर्षे, कोठे पाच. पोरांच्या शाळा आणि बिऱ्हाडाच्या ट्रंका यांची मोजदाद आमच्या गृहमंडळाने ठेवली असेल तेवढीच. अशा माणसाचा हिशेब लोक शेवटच्या कचेरीवरून मांडतात, हे आम्ही अनुभवले आहे.

सरवट्यांचा हिशेब आम्ही दुसऱ्या टोकाकडून मांडतो. जन्म सागरचा, 1920 सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते मध्य प्रांत व वऱ्हाडकडून उतरले. मग महाराष्ट्र, मग मुंबई, मग होळकर. पुढे मध्य भारत, मध्य प्रदेश आणि विदर्भ. मुंबईच्या जातवार सामन्यांत हिंदू संघ होता तो निराळाच. 1968-69 पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, 171 प्रथम श्रेणीचे सामने, 7,430 धावा, चौदा शतके आणि 494 बळी. व्यवसायाने ते वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. चेंडू फिरविणाऱ्या माणसाने बोटांचीच विद्या पोटासाठी निवडावी, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

संघ बदलणे ही त्या काळी बेइमानी नव्हती. खेळाडूचे पोट खेळावर चालत नसे. जेथे आश्रय तेथे बॅट. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना आपल्याकडे आणले आणि त्यांच्याभोवती मुश्ताक अली, जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, सरवटे असे गडी जमले. होळकर संघ रणजी करंडकाच्या चौदा मोसमांत दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. 1945-46 साली म्हैसूरविरुद्ध या मंडळींनी 8 बाद 912 धावा केल्या. सहा जणांनी शतके ठोकली. त्यांत सरवट्यांचे 101. एवढ्यावर न थांबता त्यांनी म्हैसूरच्या एका डावात 61 धावांत नऊ गडी टिपले.

आम्ही परंड्याचे. धन्यांच्या अदलाबदलीचे आम्हांस नवल वाटत नाही. आमच्या किल्ल्याने बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम, सगळे पाहिले. 1549 साली अहमदनगरास ओतलेली मुलूख-ए-मैदान तोफ आमच्या येथे होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेली, ती आजही तेथील बुरुजावर आहे. तिने तीन ठिकाणचे पाणी प्याले म्हणून ती कमी वजनाची ठरली, असे कोणी म्हणत नाही.

पण सरवट्यांच्या आयुष्यातील जो दिवस आम्ही भाच्यास खुलासेवार सांगितला, तो 1946 सालच्या मे महिन्यातील. लंडनचे ओव्हल मैदान, सरे संघाविरुद्ध सामना. हिंदी संघाचे 205 धावांत नऊ गडी बाद झालेले. दहाव्या क्रमांकाचे सरवटे खेळत असता अकरावे शुटे बॅनर्जी मैदानात आले. अशा वेळी प्रेक्षक पंचे-छत्र्या आवरू लागतात. या दोघांनी त्यांस तीन तासांहून अधिक बसवून ठेवले. 249 धावांची भर पडली. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही एकाच डावात शतके करावीत, असे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पूर्वी कधी घडले नव्हते. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, 2024 मध्ये, मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध ते पुन्हा घडविले. ओव्हलवर सरेला फॉलो-ऑन मिळाला, तेव्हा दुसऱ्या डावात पाच गडी पुन्हा सरवट्यांनीच बाद केले. सामना नऊ गडी राखून जिंकला.

भाचा म्हणाला, "मग कसोटीत काय झाले?" प्रश्न रास्त होता. 1947-48 च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात या दहाव्या क्रमांकाच्या माणसास मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत विनू मंकड यांच्याबरोबर चक्क सलामीस पाठविले. दोघांनी 124 धावांची सलामी दिली. त्यांत मंकडांचा वाटा थोर, सरवट्यांच्या धावा 36. टिकून राहणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले. परंतु ज्यास आज सलामीस, उद्या तळाशी, कधी गोलंदाज म्हणून, कधी फलंदाज म्हणून उभे करतात, त्याची कोणतीच जागा पक्की होत नाही. दोन्ही कामे येणे हा गुण, पण निवड समितीच्या दारात तो पुष्कळदा अवगुण ठरतो. कचेऱ्यांतही आम्ही हेच पाहिले आहे. निंबाळकरांचे तर त्याहून विलक्षण. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध ते नाबाद 443 वर होते, ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी. प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही.

सरवट्यांना निदान दुसरी बाजू पाहावयास मिळाली. 1983 साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची निवड ज्या पाच जणांनी केली, त्यांत ते होते. त्या संघात रॉजर बिन्नी, मदनलाल, मोहिंदर अमरनाथ असे दोन्ही कामे जाणणारे गडी बरेच होते. ही निवड पाच जणांची. तींत सरवट्यांचा शब्द किती चालला हे आम्ही सांगू शकत नाही, पण आमचा तर्क आम्ही भाच्यापुढे मांडलाच. त्याने या वेळी यंत्र बाहेर काढले नाही. "अंतिम सामन्याचे मानकरी अमरनाथच ना?" एवढेच त्याने विचारले, आणि मग मामीने केलेल्या थालीपिठाकडे वळला.