सिरुसेरीच्या पाटीवरचे शब्द

नातवंडांकडे चेन्नईला, सिरुसेरीत राहायला आलात आणि तमिळचा गंधही नाही? मग गावांच्या पाट्यांपासून सुरुवात करा. सिरु म्हणजे लहान, सेरी म्हणजे वस्ती. आपल्या गावांच्या नावातलं 'खुर्द' आठवा! आता तिथे सिपकॉटचं भलंमोठं आयटी पार्क आहे, ती गोष्ट वेगळी. सेरी म्हणजेच चेरी; पुदु म्हणजे नवं, म्हणून पुदुचेरी ही नवी वस्ती. जुन्या महाबलीपुरम रस्त्याने उत्तरेला निघालात की शोलिंगनल्लूर लागतं. त्यातलं नल्ल म्हणजे चांगलं, ऊर म्हणजे गाव. हा 'ऊर' पाठच करा. भाजीवाली अक्का (हो, तिथेही थोरली बहीण अक्काच) विचारेल, "एंद ऊर?" म्हणजे कुठलं गाव? बिनधास्त सांगा, सातारा!