नुसते पाणी

सुट्टीत कोठे जावे याविषयी आमच्या पेठ वडगावात फारसे मतभेद नाहीत. खिशात थोडे पैसे असले की माणूस गणपतीपुळ्याला जातो, जास्त असले की केरळात जातो, आणि काहीच नसले की जोतिबाच्या डोंगरावर जाऊन वारा खाऊन येतो. सुट्टी घालवण्यासाठी आगबोटीत बसून एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारे लोकही जगात आहेत, असे मी सांगितले तेव्हा माझ्या दुकानदार मित्राने हातातले माप खाली ठेवले.

"सात दिवस नुसतं पाणी? गुरुजी, पाणीच बघायचं तर वारणामाई फुकटात दाखवतीय की!"

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार?

पण लोक जातात खरे. 'क्वीन मेरी २' ही बोट २००४ सालापासून इंग्लंडातील साउथॅम्प्टनहून अमेरिकेतील न्यू यॉर्कला जाते. विमान सात-आठ तासांत कापते ते अंतर ती बहुधा सात रात्रींत कापते. पश्चिमेकडे जाताना वाटेत पाच वेळा घड्याळ तासभर मागे घेतात. म्हणजे प्रवाशाला पंचवीस तासांचे पाच दिवस मिळतात. वह्या तपासून थकलेल्या शिक्षकाला हेवा वाटावा असेच हे दान आहे!

आपल्याकडे मात्र समुद्र ओलांडणे ही कधी सुट्टी नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. समुद्रपर्यटन हे पाप मानणारा तो काळ. महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत. परतीच्या वाटेवर, इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तेथे १८७४ साली छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकारही तेच. ती रोजनिशी १८७२ साली पुस्तकरूपाने निघाली. पंचगंगेच्या राजाची राख आर्नोच्या काठी पडावी, यावरून समुद्र किती रुंद होता ते कळते.

पुढे भीती ओसरली, पण अंतर उरले. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेला निघालेला विद्यार्थी दोन-तीन आठवडे समुद्रावर असे. धक्का लहान होत जाई, मग एडन येई, सुएझ येई. रोज थोडे थोडे घड्याळ मागे सरके आणि त्याबरोबर मनही थोडे थोडे घर सोडी. १९६० साली एअर इंडियाची जेट विमाने आली. १९६७ ते १९७५ सुएझचा कालवाच बंद होता. तेवढ्यात आगबोटींचा तो जमाना संपून गेला.

आमच्या गल्लीतील एका मावशींचा मुलगा अमेरिकेत नोकरीला गेला. त्या मला म्हणाल्या, "इथं जेवून गेला, अन् दुसऱ्या दिवशी फोन आला, पोचलो म्हणून. गुरुजी, तो लांब गेलाय असंबी वाटंना, अन् जवळ हाय असंबी वाटंना."

त्या साध्या बोलण्याने मला आगबोटीच्या सुट्टीचे मर्म उमगले. विमान आपल्याला मुक्कामाला पोचवते, पण अंतर दाखवीत नाही. वर्गातल्या नकाशावर माझे बोट मुंबईहून न्यू यॉर्कला क्षणात जाते. विमान तरी याहून फार वेगळे काय करते? सात दिवस नुसते पाणी पाहणारा माणूस ऐन सातव्या दिवशी म्हणू शकतो, 'हो, एवढे लांब आहे.' पूर्वी ज्या अंतरापायी लोकांनी जात गमावली, प्राणही गमावले, ते आज पैसे मोजून विकत घ्यावे लागते, ही काळाची थट्टा खरी. पण सौदा वाईट नव्हे.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे जाणार आहेत. विमानानेच जातील, आगबोटीचे भाडे आणि तेवढी रजा आपल्या लोकांना कोठली परवडायला? पण त्या चुकून बोटीने गेल्याच, तर मला खात्री आहे, कठड्याला धरून उभ्या राहतील आणि पाणी पाहत मनाशी मोजत बसतील, पोराने एका रात्रीत केवढे ओलांडले ते.