पाऊस नाही, मग गळतंय कुठनं?

मुरगूडच्या आमच्या घराला मंगलोरी कौलं. लहानपणी मे महिना संपत आला की घरात एकच विषय, कौलं चाळायची. मृगाच्या आत आबा पाख्यावर चढायचे, फुटकी कौलं खाली द्यायचे, माकडांनी सरकवलेली परत बसवायचे. आम्ही पोरं शिडीखाली उभी. त्यामुळे गळक्या छपराबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. २०१५ च्या फेब्रुवारीत बॉस्टनला तो धुऊन निघाला.

त्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये १०८ इंचांहून जास्त बर्फ पडला. रेकॉर्डच झालं. त्यातला ६४ इंच एकट्या फेब्रुवारीत. आम्ही नुकतंच शहराबाहेर एक जुनं लाकडी घर घेतलं होतं. वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबायला लागले, मी हौसेनं फोटो काढून गावी पाठवले. आबांनी म्हणे ते सगळ्या गल्लीला दाखवले, "पोराच्या घराच्या पागोळ्या गोठल्यात बघा!" अजून एका गोष्टीचं मला कौतुक होतं. शेजाऱ्याच्या छपरावर दीड फूट बर्फ जसाच्या तसा, आणि आमचं छप्पर आढ्याजवळ दोन दिवसांत मोकळं. म्हटलं, घर लकी आहे.

लकी कसलं! एका रात्री मुलीच्या खोलीत टप टप. पाळण्याच्या बरोबर वर, छताला चहाच्या रंगाचा डाग. पाळणा हॉलमध्ये ओढला, बादली लावली. बाहेर उणे पंधरा. मुरगूडला सकाळ झालेली, म्हणून आबांना फोन लावला.

"पाऊस न्हाई, मग गळतंय कुठनं?"

एवढा साधा प्रश्न, पण मला तो पडलाच नव्हता. मी हातोडा शोधत होतो.

तर भानगड अशी. घर आतून तापवलेलं. ती ऊब दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणातून वर माळ्यावर जाते आणि छप्पर खालून तापतं. वरचा बर्फ वितळून पाणी उतरत उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून ते तिथं गोठतं. हळूहळू बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याला अडतं, तुंबतं आणि उलटं चढून शिंगल्सच्या खालून घरात शिरतं. शिंगल्स काय, आपली कौलं काय, वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी केलेली असतात. खालून चढणाऱ्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. म्हणजे माझे फोटोतले सुळे आणि ते "लकी" छप्पर ही दुखण्याची लक्षणं होती. आमच्या धंद्यात नेहमीचंच हे, एरर एकीकडे दिसते आणि बग भलतीकडेच असतो.

हे सगळं मी वाचलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सकाळी शिडी लावून हातोड्यानं बर्फ फोडून झाला होता. दोन शिंगल्स फुटल्या, शिडीचा पाय बर्फावरून सरकला आणि मी खालच्या ढिगात. ढीग मऊ होता म्हणून कोपरावर निभावलं. आबांना अर्थातच सांगितलं नाही.

मग शहाण्यासारखं केलं. लांब दांड्याचं फावडं मिळतं, त्यानं जमिनीवर उभं राहूनच वळचणीकडचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढायचा. बायकोच्या जुन्या स्टॉकिंगमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरून वरच्या खिडकीतून बांधावर आडवं टाकलं, तेवढी वाट झाली आणि पाणी निघून गेलं. (साधं मीठ नको. एवढ्या थंडीत ते कामाचं नाही, शिवाय पत्रा खातं.) छपरावर विजेच्या तापत्या तारा टाकणारेही आहेत. मला तो प्रकार पटला नाही. ऊब वाया जातेय म्हणून अजून वीज जाळायची?

खरं काम उन्हाळ्यात केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह नावाची योजना आहे, तिच्याखाली घराची तपासणी होते आणि इन्सुलेशनचा बराचसा खर्चही मिळतो. दारात मोठा पंखा बसवून हवा ओढतात, की सगळ्या फटी बोलायला लागतात. आमच्या बाथरूमचा पंखा सरळ माळ्यावर वाफ सोडत होता! त्याचा पाइप बाहेर काढला, फटी बुजवल्या, माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा चौदा इंच पसरला, वळचणीखालच्या हवेच्या वाटा मोकळ्या केल्या. आबांना फोनवर सगळं सांगितलं.

"म्हंजे छपराला वारं लागू द्याचं, आणि खालची ऊब वर जाऊ द्याची न्हाई."

बास, एवढंच. आमच्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. कौलारू घरात जन्म गेलेल्या माणसाला छपरानं श्वास घ्यायचा असतो हे काय सांगायचं.

त्याच फोनवर नंतर काकू आल्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की गेल्या वर्षी आबा कौलं चाळताना घसरले होते, पंधरा दिवस अंथरुणात. "तुला सांगू नको म्हणालेवते."

पुढच्या हिवाळ्यात आमचं छप्पर शेजाऱ्यासारखंच पांढरंशुभ्र राहिलं. मी खिडकीतून बघत बसायचो. मे महिना आला तसा फोन केला.

"आबा, यंदा कौलं चाळायला माणूस लावा. पैसे मी पाठवतो."

"तू लावलावतास काय माणूस?"

बायकोनं आईला सांगितलेलं दिसतंय. मी गप्प.

"कोपर बरं हाय न्हवं आता?" थोडा वेळ तेही काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावतो माणूस. पर मृगाच्या आत गावाय पायजे त्यो."